गाणं नेमकं कुणाचं?

२००५ सालच्या ऑस्करची एक गंमत आहे. 'द मोटरसायकल डायरीज' हा चे गव्हेराच्या तरुणपणावरचा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यातल्या शेवटच्या गाण्याला त्या वर्षी सर्वोत्कृष्ट गीताचं नामांकन होतं. गाणं लिहिलं, चाल लावली आणि गायलं ते होर्हे ड्रेक्सलर या उरुग्वेच्या माणसाने. हा शिक्षणाने कान-नाक-घशाचा डॉक्टर. दवाखाना सोडून गाण्यात आलेला. नामांकन मिळालेली गाणी समारंभात सादर होतात, पण या गाण्यासाठी आयोजकांनी मूळ गायकाला बोलावलंच नाही. तो अमेरिकेत कुणाला ठाऊक नव्हता ना! त्याच्याऐवजी अंतोनियो बांदेरास गायला आणि कार्लोस सान्ताना गिटारवर होता.

आणि नेमकं त्याच गाण्याला ऑस्कर मिळालं. स्पॅनिश गाण्याला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. ड्रेक्सलर स्टेजवर आला, बाहुली हातात घेतली आणि आभाराचं भाषण करण्याऐवजी गाण्याच्या दोन-चार ओळी वाद्यांशिवाय गायला. थँक्यू, आणि गेला. भांडण नाही, तक्रार नाही. ज्याचं गाणं त्याने गाऊन दाखवलं, बस!

हा किस्सा एवढ्यासाठी सांगितला की या माणसाच्या जमातीसाठी स्पॅनिशमध्ये एक वेगळा शब्दच आहे, 'कांताउतोर'. कांतार म्हणजे गाणे, आउतोर म्हणजे कर्ता. जो रचतो तोच गातो. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांतल्या संगीतासाठी २००० सालापासून लॅटिन ग्रॅमी पुरस्कार दिले जातात. त्यात कांताउतोर मंडळींच्या अल्बमसाठी विभाग होताच (ब्राझीलच्या काएतानो व्हेलोसोला २००७ साली तो मिळाला होता). पण एकेका गाण्यासाठीचा वेगळा विभाग सुरू झाला थेट २०२३ साली. त्या वर्षीचा सोहळा पहिल्यांदाच अमेरिकेबाहेर, स्पेनमधल्या सेव्हिल शहरात झाला आणि या विभागातला पहिला पुरस्कार मेक्सिकोच्या नातालिया लाफुर्काद हिला मिळाला. दुसऱ्या वर्षी, २०२४ साली तो कुणाला मिळाला असेल? होर्हे ड्रेक्सलरला :)

आता तुम्ही म्हणाल, बाबा रे, तू अमरावतीकडचा, पुण्यात बसून जावाचा कोड लिहिणारा, तुला या लॅटिन भानगडीशी काय घेणं? सांगतो.

पुरस्कार म्हटलं की आपल्याला बाहुली, टाळ्या आणि लाल गालिचा दिसतो. पण पुरस्काराचा एक भाग कंटाळवाणा आणि फार महत्त्वाचा असतो, तो म्हणजे अर्ज. अर्जात रकाने असतात. आणि रकाना म्हटला की प्रश्न आला : हे गाणं कुणाचं? ज्या समाजाने जसा रकाना आखला तसं त्याचं उत्तर मिळतं. माझं रोजचं पोट डेटाबेसवर चालतं, त्यामुळे मला हे जरा जास्तच दिसतं. टेबलमध्ये कॉलमच नसेल तर ती माहिती जगात नाही असंच सिस्टिम धरून चालते.

आपल्याकडे हा कॉलम कधी आखला गेला? तर मंडळी, फार जुनी गोष्ट आहे आणि ती आपल्याच घरातली आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे, सिंघण राजाच्या दरबारात, शार्ङ्गदेव नावाचा एक विद्वान होता. घराणं मूळचं काश्मीरचं. नोकरी हिशेबखात्यातली! (दिवसा ऑफिस, उरलेल्या वेळात आवडीचं काम, ही परंपरा आपण समजतो तेवढी नवी नाही.) त्याने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटकी, दोन्ही संगीतांत आजही त्याचा आधार घेतात. त्यात 'वाग्गेयकार' असा शब्द येतो. वाक् म्हणजे शब्द आणि गेय म्हणजे गायचं ते, म्हणजे चाल. दोन्ही जो रचतो तो वाग्गेयकार. शब्दांना तो 'मातु' म्हणतो आणि चालीला 'धातु'. पुढे वाग्गेयकारांची उत्तम, मध्यम, अधम अशी प्रतवारीही करतो. एवढ्यावर थांबत नाही. दुसऱ्याने केलेल्या चालीत आपले शब्द बसवणाऱ्यासाठी 'कुट्टिकार' असं वेगळं नाव देतो. म्हणजे आधी चाल आणि मग शब्द हा जो प्रकार आपण सिनेमाच्या गाण्यात पाहतो, त्याचा रकाना सातशे-आठशे वर्षांपूर्वी औरंगाबादजवळच्या किल्ल्यावर आखून ठेवलेला होता.

त्याच यादवांच्या काळाच्या शेवटाकडे ज्ञानेश्वर-नामदेव आले आणि त्यांनी अर्ज आणि रकाना दोन्ही बाजूला ठेवून वेगळीच युक्ती वापरली. नावच गाण्यात घालून टाकलं. नामा म्हणे, पुढे एका जनार्दनी, तुका म्हणे. याला नाममुद्रा म्हणतात. आमच्या भाषेत सांगायचं तर मेटाडेटा फाइलच्या बाहेर ठेवायचाच नाही, मजकुरातच पेरायचा. वही बुडाली, कागद हरवला, गाणारा बदलला, राज्य बदललं, तरी जोवर शेवटची ओळ गायली जाते तोवर कर्त्याचं नाव पुसता येत नाही. अर्थात याला हॅकसुद्धा आहे. कुणीही उठून आपल्या अभंगाला 'तुका म्हणे' लावावं, आणि तसं झालेलंही आहे. पण कॉपीराइट ऑफिस नसलेल्या काळात याहून स्वस्त आणि टिकाऊ सोय दुसरी दिसत नाही.

पेशवाईच्या शेवटी शाहिरांनी आणखी एक तोडगा काढला. होनाजी बाळा हे एकाच माणसाचं नाव आहे असं मला कॉलेजात जाईपर्यंत वाटायचं. ती दोन माणसं होती. होनाजी शिलारखाने कवनं रचायचा आणि बाळा करंजकर ती गायचा. फडाला नाव दोघांचं मिळून. रचणारा आणि गाणारा यांत थोरला कोण हा वाद त्यांनी मधलं 'आणि' काढून मिटवला. व्ही. शांतारामांनी १९५१ साली त्यांच्यावर 'अमर भूपाळी' काढला. त्याला १९५२ साली कान महोत्सवात पुरस्कार मिळाला, तो ध्वनिमुद्रणाच्या दर्जासाठी! कवी आणि गायकाच्या जोडीवरचा सिनेमा आणि मान मिळाला साऊंड रेकॉर्डिंगला. असो.

इथपर्यंत रचणारा आणि गाणारा एकमेकांना सोडून नव्हते. खरी फाटाफूट झाली ती यंत्रं आल्यावर. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानने पहिल्यांदा ग्रामोफोनसाठी गायलं तेव्हा तबकडीच्या शेवटी ती स्वतःचं नाव इंग्रजीत सांगते. ही सुद्धा नाममुद्राच, फक्त आता ती गाणाऱ्याची झाली. मग बोलपट आले, पार्श्वगायन आलं आणि नावांचा घोळच झाला. १९४९ साली 'महल'च्या गाण्याची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव 'कामिनी' असं होतं. कामिनी म्हणजे सिनेमातलं पात्र! हा आवाज कुणाचा म्हणून रेडिओकडे पत्रं गेली, तेव्हा कुठे लोकांना लता मंगेशकर हे नाव कळलं.

फिल्मफेअरचे पुरस्कार १९५४ साली सुरू झाले. पहिल्या वर्षी पाचच पुरस्कार होते आणि त्यात संगीतासाठी एकच, संगीतकाराला. गाणाऱ्याला नाही, लिहिणाऱ्याला तर नाहीच. पुढे १९५७ साली शंकर-जयकिशन यांना 'चोरी चोरी'साठी पुरस्कार मिळाला आणि सोहळ्यात त्यातलं गाणं गायला लताबाईंना विचारलं गेलं. त्यांनी सरळ नाही म्हटलं. पुरस्कार संगीतकाराचा आहे ना, मग गायकाशिवाय आणि गीतकाराशिवाय वाजवून दाखवा, असा त्यांचा एकूण सूर होता. दोन वर्षांनी, १९५९ साली, दोन नवे विभाग सुरू झाले. गायनाचा पहिला पुरस्कार लताबाईंना ('मधुमती') आणि गीतलेखनाचा पहिला शैलेंद्रला ('यहुदी'). राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत गीतकाराचा विभाग १९६८ च्या चित्रपटांपासून सुरू झाला आणि पहिला मान तमिळ कवी कण्णदासनला मिळाला.

म्हणजे बघा, स्पॅनिशवाल्यांनी रचणारा-गाणारा एकत्र असेल तर त्याच्यासाठी वेगळा रकाना केला. आपण एकाचे तीन केले : गीतकार, संगीतकार, गायक. आपल्या सिनेमाच्या गाण्यासाठी ते बरोबरच होतं, कारण तिथे खरंच तीन (आणि वादकांसकट पन्नास) माणसं असतात. पण मग ज्यांचं तिन्ही एकच होतं त्यांचं काय झालं?

माझ्या जिल्ह्यापुरतंच बोलतो. तुकडोजी महाराज १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्मले. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. खंजिरी हातात घेऊन स्वतः रचलेली मराठी आणि हिंदी भजनं गायची, आणि समोर हजारोंचा समाज. १९४२ च्या चळवळीत इंग्रजांनी त्यांना पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. भजनाची भीती सरकारला वाटावी यातच सगळं आलं. लॅटिन अमेरिकेतला याच्या जवळचा माणूस म्हणजे चिलीचा व्हिक्टर हारा. १९६९ साली सान्तियागोला नव्या चिलियन गाण्यांचा पहिला महोत्सव झाला, त्यात हाराच्या गाण्याला पहिल्या क्रमांकाचा मान विभागून मिळाला. ते गाणं म्हणजे शेतकऱ्याला उद्देशून केलेली प्रार्थना आहे. इकडे तुकडोजींची 'ग्रामगीता' त्याआधी, १९५५ साली, त्याच शेतकऱ्यासाठी लिहून झाली होती. हाराला १९७३ च्या लष्करी उठावानंतर सैनिकांनी एका स्टेडियममध्ये छळ करून मारलं. २००३ साली त्या स्टेडियमला त्याचं नाव दिलं, आणि दोषी माजी लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केल्या त्या थेट २०२३ साली. पन्नास वर्षं!

तुकडोजींचं नाव राहिलं. नागपूर विद्यापीठाला २००५ साली त्यांचं नाव मिळालं. पण आपण त्यांना संत म्हणून ओळखतो, समाजसुधारक म्हणून ओळखतो. एक मोठा गाणारा आणि चाल बांधणारा माणूस म्हणून त्यांचा हिशेब आपण क्वचितच मांडतो. तो रकानाच आपल्याकडे नाही.

दुसरं नाव सुरेश भट. जन्म अमरावती, १९३२. भट कार्यक्रमात आपली गझल स्वतः तरन्नुममध्ये ऐकवायचे. गळा आणि लय घरातूनच आलेली. पण आपल्या पिढीने भट ऐकले ते लताबाई-आशाबाईंच्या आवाजात आणि हृदयनाथांच्या चालीत. त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. 'सिंहासन'मधलं गाणं आशाबाईंशिवाय मी कल्पूच शकत नाही. तरी विचारून बघा, भट स्वतः गायचे हे तुमच्या क्युबिकलमधल्या किती जणांना माहीत आहे? याच जिल्ह्यातल्या आष्टगावच्या भीमराव पांचाळेंनी आयुष्यभर मराठी गझल गाऊन गावोगाव पोचवली. राज्य शासनाचा २०२४ चा लता मंगेशकर पुरस्कार त्यांना जाहीर झाला तेव्हा मला फार बरं वाटलं.

तिसरे वामनदादा कर्डक, आमच्याकडचे नव्हेत, सिन्नरजवळच्या देशवंडीचे. हजारो भीमगीतं रचली आणि गावोगाव फिरून गायली. १४ एप्रिलला नागपूरपासून मुंबईपर्यंत स्पीकरवर त्यांची गाणी वाजतात. गाणारा कुणी का असेना, शेवटच्या कडव्यात बऱ्याचदा 'वामन' येतो आणि ऐकणाऱ्याला कळतं. सातशे वर्षांपूर्वीची ती मजकुरात नाव पेरायची सोय अजून चालू आहे.

नाव राहणं ही नुसती मानाची गोष्ट नाही, पैशाचीही आहे. १९७७ साली सुप्रीम कोर्टाने एका खटल्यात असा निकाल दिला की सिनेमासाठी गाणं लिहून घेतलं, वेगळा करार नसेल तर त्याचा मालक निर्माता. पुढची पस्तीस वर्षं गीतकार-संगीतकार जवळपास रिकाम्या हाताने राहिले. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला, जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला, आणि आता गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्याच्याकडून लिहून घेता येत नाही. पण रॉयल्टी कुणाला पाठवायची हे शेवटी कशावरून ठरतं? रकान्यातल्या नावावरून.

आणि इथे मला धारणी आठवते.

वडिलांची बदली धारणीला झाली तेव्हा मी पाचवीत होतो. धारणी म्हणजे अमरावती जिल्ह्याचं वरचं टोक. परतवाडा, सेमाडोह, हरिसाल करत मेळघाटच्या जंगलातून घाट उतरलं की धारणी, आणि पलीकडे लगेच मध्य प्रदेश. आमच्या वर्गात अर्धी मुलं कोरकू होती. कोरकू ही मराठीची बोली नाही आणि गोंडीची बहीणही नाही. ती मुंडा कुळातली, झारखंडच्या मुंडारीची नातलग, आणि त्या कुळातली सगळ्यात पश्चिमेकडची भाषा. २०११ च्या जनगणनेत देशात ती बोलणारे सव्वासात लाखांच्या घरात होते. कोरकूत नाचाला 'सुसून' म्हणतात आणि हजारभर किलोमीटरवर मुंडारीतही सुसूनच. रांचीचे रामदयाल मुंडा (विद्यापीठाचे कुलगुरू, पद्मश्री, आणि स्वतः गाणी रचून मांदर वाजवणारे) मुंडारीतली एक म्हण नेहमी सांगत. तिचा अर्थ असा की चालणं हाच नाच आणि बोलणं हेच गाणं.

होळीनंतरचे पाच-सात दिवस धारणीच्या रस्त्यांवर एसटी वेळेवर पोचायची नाही. गावोगावचे कोरकू बाया-पुरुष ढोलकी-बासरी घेऊन रस्ता अडवायचे, नाचायचे, गायचे आणि फगवा मागायचे. फगवा दिला की गाडी सुटली. एकदा आमची गाडी अशी दोन-तीन गावांत थांबली आणि माझ्या लक्षात आलं की चाल तीच आहे पण शब्द बदललेत. मी एका म्हाताऱ्या बासरीवाल्याला विचारलं, काका, हे गाणं कुणी केलं? धारणीच्या बाजारात बोलतात त्या हिंदीत तो म्हणाला, "किसने बनाया मतलब? गाना है. हमारे गाँव का है."

तेव्हा मला ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं होतं. आज वाटतं की त्याने रकाना बरोबर भरला होता. आमच्या फॉर्ममध्येच 'गाव' हा कॉलम नव्हता.

आता मेळघाटात मोबाइल पोचलाय. हरिसालला २०१६ साली 'डिजिटल व्हिलेज' केलं गेलं. यूट्यूबवर कोरकू गाण्यांचे ढिगाने व्हिडिओ सापडतात, काही जुनी गाणी, काही पोरांनी स्वतः रचून गायलेली. या पोरांना मी आनंदाने कांताउतोर म्हणेन! पण गाणं ॲपवर चढवताना फॉर्म तेच तीन रकाने विचारतो : गायक, गीतकार, संगीतकार. जुन्या गाण्याला काय लिहायचं? 'पारंपरिक'. कायद्याने पारंपरिक गाण्यावर कुणाचाच हक्क नाही, पण त्याच्या नव्या रेकॉर्डिंगवर मात्र ते करणाऱ्याचा हक्क असतो. म्हणजे बाहेरच्या कुणी येऊन फगव्याचं गाणं रेकॉर्ड केलं, खाली बीट्स टाकले, तर रकाना त्याच्या नावाने भरतो आणि गाव 'पारंपरिक' या एका शब्दात गडप होतं. यात कुणी चोर असायलाच पाहिजे असं नाही. फॉर्मच तसा बनवलाय, आणि फॉर्म बनवणारे आपणच आहोत. म्हणजे मी आणि तुम्ही, सोमवार ते शुक्रवार.

यावर गाव हीच मालक आणि एकट्याचं काही नसतं असं भाबडं टोकही नको. धारणीचा एखादा पोरगा आज स्वतः गाणं रचून गात असेल तर त्याला त्याचं नाव मिळालंच पाहिजे, शेवटच्या कडव्यातही आणि डेटाबेसमध्येही. कोरकूंचं म्हणून त्याचं नवं गाणं पुन्हा 'पारंपरिक'मध्ये ढकलणं हा तितकाच मोठा अन्याय आहे. दोन्हींसाठी जागा हवी. शार्ङ्गदेवाने हिशेबखात्यात नोकरी करत वाग्गेयकार आणि कुट्टिकार असे वेगवेगळे रकाने आखले. आपल्याकडे तर कॉलम वाढवायला एक ओळ पुरते.

तर एवढंच सांगायचं होतं. पुढच्या होळीला मेळघाटात गेलात, रस्ता अडवला गेला, तर हॉर्न वाजवू नका. खाली उतरा, फगवा द्या, गाणं ऐका. रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा, आणि फाइलला नाव देताना तारखेबरोबर गावाचं नाव लिहा. गाणाऱ्याने स्वतः रचलं असेल तर त्याला विचारून त्याचंही.

असो. बरंच लांबलं. उद्या सोमवार, रिलीज आहे. झोपायला हवं.